मामाची चाल

अमरावती,
८ जानेवारी १९६१

प्रिय देवमन,
सप्रेम जयभीम.

मुंबईहून धुऊन आलेल्या फिल्मचे डबे पंधरवड्यापूर्वी टपालाने मिळाले. तेव्हापासून शाळेतून आलो की खिडकीशी बसतो आणि पट्टी उजेडात धरून पाहत राहतो. तुझी वहिनी म्हणते, "घरातही माणसं आहेत, त्यांच्याकडं पाहा कधी."

विहिरीच्या दिवशी तू सरकारी सिनेमाची प्रचारगाडी घेऊन बाळापूरकडे गेला होतास, म्हणून सगळं सांगतो. पाणी लागलं तेव्हा पहिलं मडकं बुधाजीमामानेच भरावं असं वस्तीने ठरवलं. दुसरं कोण भरणार? खणायला सुरुवात त्याने केली, दरड कोसळली ती त्याच्याच पायावर, आणि तो खाटेवर पडून असताना बाकीच्यांनी खोदकाम पुरं केलं. गावच्या विहिरीत आपल्याला कोणी कधी दोर सोडू दिला नाही. तुझी आई आणि माझी आई, दोघी बहिणी लहानपणी नाल्यातल्या झिऱ्यावर वाटीवाटीने पाणी भरत बसायच्या, हे तू माझ्याइतकंच ऐकलं आहेस.

तर मामाने भरलेलं मडकं खांद्यावर घेतलं आणि विहिरीपासून घरापर्यंत चालत गेला. धुतलेलं धोतर, नवा फेटा, डावा पाय ओढत, पण मान ताठ. वस्ती दोन्ही बाजूंना उभी होती आणि कोणी एक शब्द बोलत नव्हतं. मी त्याच्यापुढे उलटा चालत कॅमेरा धरून होतो. चावी संपली की थांबायचं, चावी द्यायची, की पुन्हा सुरू. मिशनच्या डॉक्टरांकडून घेतलेला हा जुना कॅमेरा, त्याचे लाड करावे लागतात. एकदा खड्ड्यात पाय जाऊन मी पडलो. तो तुकडा कापून टाकला आहे.

जोडणीचं काम मात्र फार किचकट. ब्लेडने पट्टीच्या टोकाचा मसाला खरवडायचा, फिल्म चिकटवायचं सिमेंट लावायचं, दाबून धरायचं. वासाने डोकं चढतं. तुझ्या मित्राने, खुशालरावाने, मडकं भरण्याआधीची लेझीम पलीकडच्या बाजूने आपल्या कॅमेऱ्यात घेतली होती, ती रीळ जोडता येत नाही. त्याचा कॅमेरा आठ मिलिमीटरचा, माझा सोळा मिलिमीटरचा. त्याची पट्टी माझ्या पट्टीच्या निम्मी रुंद. त्याला वाईट वाटेल, तू समजावून सांग.

आता महत्त्वाचं. जोडलेली फिल्म डब्यात घालून तुला पाठवतो आहे, गावात वस्तीला दाखवायला. फिल्म पुरावी म्हणून मी कॅमेऱ्याची चाल सोळावर ठेवली होती, म्हणजे सेकंदाला सोळा चित्रं. तुमची बोलपटाची मशीन चोवीसवर चालते. तुझ्या मशीनला सोळाची चाल असेल तरच ही फिल्म लाव. चोवीसवर लावलीस तर सगळे कोंबड्यांसारखे तुरुतुरु पळतील. आधी पाहून मला कळव. नक्कल काढलेली नाही, हीच एक आहे.

शाळेच्या संमेलनाचे पडदे रंगवायचे असल्याने मला गावाला येता येणार नाही.

तुझा,
शेषराव


अकोला,
१७ जानेवारी १९६१

दादा,
जयभीम.

डबा पोचला. मशीनची चाल पाहून घेतली. तू त्याची काई काळजी करू नको.

खुशालराव दोन दिवस रुसला होता. म्हने, मास्तरले मायी रीळ बारकी वाटली का. मी म्हटलं, बारकीच हाय, गड्या. मंग हासला.

फेब्रुवारीच्या सुरुवातीले आपल्या गावाकडं जायाचा हुकूम आणला साहेबापासून. एरवी गाडी तिकडच्या जिल्ह्यात नेऊ देत नाईत, पण या खेपेले देली.

तुया,
देवमन


अकोला,
६ फेब्रुवारी १९६१

दादा,
जयभीम.

दाखवली! वस्तीच्या पुढच्या मैदानात पडदा लावला. वस्ती तं आलीच, वरच्या आळीतले लोकबी आले. पाटलाच्या घरच्या बाया छकड्यात बसून आल्या अन छकड्यातूनच पायलं. आपल्या वस्तीच्या मैदानात गाव जमा झालं, हे मी पयल्यांदा पायलं.

लोक असे हासले का काय सांगू! दोनदा लावा लागली. पाटलाच्या पोरानं मायी पाठ थोपटली.

एक सांधा तुटला, तो जाग्यावरच जोडला.

देवमन


अमरावती,
११ फेब्रुवारी १९६१

प्रिय देवमन,
जयभीम.

पत्र वाचून मला फार आनंद झाला. वहिनीला वाचून दाखवलं, शेजारच्या मास्तरांनाही वाचून दाखवलं. पण लोक हसले ते कशाला? माझा पडल्याचा तुकडा राहून गेला की काय? की स्वतःची तोंडं पडद्यावर पाहून हसले? आपल्या माणसांनी पडदा पहिल्यांदाच पाहिला, तसंच असेल.

मामा काय म्हणाला? मामीला आवडली का? सविस्तर लिही.

तुझा,
शेषराव


अकोला,
१९ फेब्रुवारी १९६१

दादा,
जयभीम.

मामा काई बोलला नाई. दिवसभर कापसाच्या पऱ्हाट्या उपटून दमलेला होता, पयल्या खेपेलेच उठून घरी गेला. मामी त्याच्या मांगं गेली.

एक इचाराचं होतं. रीळ थोडे दिवस ठेवू काय मायापाशी? आमच्या गाडीत हिवतापाची फिल्म हाय, डासाची. लोक ते पाहाले बसतच नाईत. डास दिसला का उठले. तुयी फिल्म आधी लावली तं लोक जमतात अन मंग डासबी पाहून घेतात. मी भोंग्यावर तुयं नाव सांगीन, 'ही फिल्म अमरावतीचे ड्रॉइंग मास्तर शेषराव यांनी स्वतःच्या हातानं काढली.' अख्ख्या अकोला जिल्ह्यात तुयं नाव होईल.

देवमन


अमरावती,
२३ फेब्रुवारी १९६१

प्रिय देवमन,
जयभीम.

ठेव रीळ. लोकांच्या उपयोगी पडत असेल तर माझी ना नाही. फक्त सांधे जपून वापर.

नाव सांगताना 'ड्रॉइंग मास्तर' नको म्हणू, 'हौशी चित्रपटकार' म्हण. उगाच सुचवलं.

मामाकडे एकदा जाऊन यायला हवं. शाळेच्या परीक्षा उरकल्या की जाईन.

तुझा,
शेषराव


तालुका मुर्तिजापूर,
१९ मार्च १९६१

शेषरावदादाले सुंदराचा जयभीम.

मी चौथीपरेंत शिकली ते तुया मायच्या पायी, म्हणून हे माया हातानं लिहून राहिली. चुकलं तं समजून घे.

परवा आमच्या सासरच्या गावात सिनेमाची गाडी आलती. त्या गाडीवर देवमनदादा हाय हे मले माईत नव्हतं. मी बायाईत मांगं बसली होती, लेकरू मांडीवर. पडद्यावर एक म्हातारा मडकं घेऊन आला अन टुणटुण उड्या मारत पयाले लागला. एका पायावर उडे, दुसरा पाय भिरकावे, मडकं वरखाली होये. मायी सासू हासली. साऱ्या बाया हासल्या. अन दादा, मीबी हासली. डोयात पानी येवस्तोर हासली. लेकरू मले पाहून हासलं.

मंग त्या म्हाताऱ्यानं मनगटानं फेटा सावरला. तसा फेटा एकच माणूस सावरते. माया बा होता तो.

सासूनं इचारलं, काय झालं वं? मी म्हटलं, लेकरानं ओलं केलं. हा माया बाप हाय असं मायाच्यानं म्हटल्या गेलं नाई. आतापरेंत म्हटलं नाई. घरात अजून त्याच्या नकला करतात, अन मी भाकरी थापत गुपचाप आयकते.

भोंग्यावर तुयं नाव घेतलं.

माय मांगं भेटाले आलती तवा सांगे का तुया बा विहिरीवर जातच नाई, दिवसा घराबाहेर पडत नाई, पोट्टे त्याच्या मांगं लंगडत पयतात. गावात सिनेमा झाला तवापासून असं हाय म्हने. सिनेमाचं अन बाचं काय, मले समजलं नव्हतं. आता समजलं.

तुमी दोघंबी शायेसाठी त्याच्या घरी राहून, त्याच्या हातचं खाऊन मोठे झाले. काहून केलं असं?

सुंदरा


अमरावती,
२४ मार्च १९६१

देवमन,

सुंदराचं पत्र आलं. ते तुला पाठवत नाही, तुझ्या हातात द्यावंसं वाटत नाही. ती प्रेक्षकांत बसली होती. आपल्या बापाला न ओळखता त्याच्यावर हसली.

तू मला लिहिलं होतंस की चाल पाहून घेतली. काय पाहिलंस?

मामा दमला होता म्हणून उठून गेला, असंही तू लिहिलंस, आणि मी ते मानलं. लोक हसले हे वाचून मी तुला साधं विचारलंसुद्धा नीट नाही. विहिरीवरून पाणी नेणाऱ्या माणसाला पाहून गाव हसतं यात काहीतरी चुकलं आहे, हे शाळेतलं पोरही ओळखेल. पण मी तेव्हा शेजारच्या मास्तरांना पत्र वाचून दाखवत होतो. आणि पुढच्या पत्रात तुला लिहिलं काय, तर हौशी चित्रपटकार म्हण!

गावाकडे जाणारी नांदगावची बस इथून रोज सुटते. मी तिच्यात बसलो नाही. परीक्षांचं कारण काढलं.

रीळ ताबडतोब पाठव.

शेषराव


अकोला,
९ एप्रिल १९६१

दादा,

रीळ पाठवली. उशीर झाला. पत्र लिवाले बसलो का उठून जाई.

आमच्या मशीनले एकच चाल हाय. मले ते पयल्या दिवशीच माईत होतं. तुयी फिल्म आधी ऑफिसात लावून पायली. साहेब हासले, डायवर हासला, चपराशी हासला. साहेबानं इचारलं, "हा विदूषक कुठं सापडला रे?" मी म्हटलो नाई का हा माया मामा हाय. मीबी हासलो. तवाच तुले लिवाचं होतं. लिवलं ते दुसरंच.

गावात मले वाटलं होतं का आपल्या लोकाईले काई वाटनार नाई, त्याईनं मामाले रोज चालताना पायलं हाय. पयले वरची आळी हासली. मंग आपलेबी हासले. मामा पडद्याच्या अगदी पुढं बसला होता, पाटावर, त्याले मानानं बसवलं होतं. तो उठला तवा त्याची सावली पडद्यावर पडली, अन पडद्यावरचा मामा त्याच्या सावलीतून पयत होता. लोक आनखी हासले. मशीन बंद कराले एक खटका खाली कराचा असते, दादा. माया हात त्याच्यावरच होता.

तरी मंग गावोगाव काहून लावत फिरलो, ते सांगतो. तुले वाईट वाटीन, पण आता काय. त्या गावाईत मी गाडीतून उतरतो तवा लोक आडनाव इचारतात. आडनाव समजलं का पानी वरून ओततात. पन फिल्म झाली का तेच लोक जवळ येतात, ऑपरेटरसाहेब म्हनतात, चा पाजतात, त्याईच्याच कपात. एका ठिकानी तं वसरीवर झोपाले खाट देली. मामाले पयवलं का मले खाट भेटे. मी रोज मनाले म्हनत होतो का मामाले कोन वळखते इथं.

बाकीची फिल्म मी कापून बाजूले ठेवली होती, फक्त मामाची चाल लहान चक्रीवर घेऊन फिरत होतो. कापलेले तुकडे डब्यात हायत. छिद्रं काई जागी फाटली. माफ कर असं लिवाले हात चालत नाई.

सुंदराचं सासर त्या गावात हाय हे मले खरंच माईत नव्हतं. तिच्या लग्नाले मी आलो नव्हतो, तवाबी ड्यूटीच होती.

देवमन


अमरावती,
२ मे १९६१

प्रिय देवमन,

तुझ्या पत्राला लगेच उत्तर दिलं नाही. पहिल्यांदा वाचून राग आला. त्या खाटेचं दुसऱ्यांदा वाचलं, तेव्हा काय करावं सुचेना.

रीळ हातात घेतली तेव्हाच कळलं किती वेळा चालली असेल. मधोमध पावसासारख्या रेघा, कडेची छिद्रं ओढून लांबट झालेली. फाटलेल्या जागी चित्रं कापून सांधे घातले. प्रत्येक सांध्याला मामाचं थोडं चालणं गेलं. बाकीचे तुकडे पुन्हा जागच्या जागी लावले.

मग सोळाच्या चालीचं मशीन शोधत फिरलो. अमरावतीत मिळालं नाही. अचलपूरला वामनराव वकिलांकडे हाताने फिरवायचं मशीन आहे असं कळलं, मुलांसाठी घेतलेलं, दिवा मोटारीच्या बॅटरीवर लागणारा. त्यांनी काही न विचारता दिलं. बॅटरी पाहून एसटीचा कंडक्टर गाडीत घेईना, कपडे जळतील म्हणाला. शेवटी मांडीवर पोतं टाकून ती घेऊन बसलो. सुट्टी लागल्याच्या दुसऱ्या दिवशी गावाला पोचलो.

दुपार होती. मामा आतल्या खोलीत बसून दोर वळत होता. मला पाहून उठला नाही. मामीने पाण्याचा तांब्या दिला. त्या विहिरीचं पाणी. तो मी हातात धरून उभा राहिलो, प्यायला धीर होईना. मामी म्हणाली, "पे ना, काय पायतं?" तेव्हा प्यालो.

मी म्हटलं, "मामा, ते मशीनमुळं झालं. तुझी चाल तशी नाही."

"मायी चाल कशी हाय ते मले सांगाले आला काय?"

"दाखवायला आलो."

"पायलं म्या एकदा. लय झालं."

मामी म्हणाली, "एवढं वझं वाहून आणलं पोरानं. पाहा ना जी."

मामा हो म्हणाला नाही, पण उठूनही गेला नाही. मी दार लावून घेतलं, झरोक्याला घोंगडी अडकवली, भिंतीवर धोतर टांगलं. चित्र सुपाएवढंच पडलं. मी दांडा फिरवू लागलो. किती वेगाने फिरवायचा याचा घरी आठ दिवस सराव केला होता, तरी चाल एकसारखी राहीना. जरा घाई झाली की भिंतीवरचा मामा उडी मारे. तसं एकदा झालं आणि मामाने मान फिरवली. मी हात सावरला. मग तो नीट चालला. मी त्या दिवशी पाहिला होता तसाच, ताठ मानेने, संथ.

मला वाटत होतं, आता म्हणेल, बरं दिसते.

तो म्हणाला, "असा लंगडतो मी?"

त्याने आपलं चालणं कधी पाहिलंच नव्हतं, देवमन. कसं पाहणार? तुझ्या मशीनवरचं सोंग खोटं आहे असं तरी त्याला मनाशी म्हणता येत होतं. मी मुद्दाम अचलपूरला जाऊन, मांडीवर बॅटरी धरून, खरं घेऊन आलो. कोणासाठी? त्या खोलीत मला कळलं की मी माझंच मन हलकं करायला आलो होतो. दांडा सोडून उठावंसं वाटलं.

मामाने दोर बाजूला ठेवला. मग मामा म्हणाला, "पुन्हा लाव."

पुन्हा लावली. या वेळी तो स्वतःकडे पाहत नव्हता, मडक्याच्या मागे पाहत होता. मध्येच म्हणाला, "थांब. हा हात कोनाचा?"

चित्राच्या कडेला एक हात होता. बांगड्यांचा, मडक्यापासून वीतभर मागे, झेलायला धरावा तसा उघडा. मडकं पुढे सरकलं की हातही सरके. विहिरीपासून उंबऱ्यापर्यंत, चावी देताना सुटलेला भाग सोडला तर सगळीकडे. जोडणी करताना तो मला दिसला होता आणि कोण मध्ये हात घालतं म्हणून मी वैतागलो होतो. तुझ्या मशीनवर तर तो कोणाच्या नजरेतही आला नसता.

मामी पदर तोंडाशी नेऊन म्हणाली, "माया हाय."

"काहून?"

"पडसान असं वाटे."

"मले सांगतलं नाई कधी."

"सांगतलं असतं तं मांगं येऊ देल्लं असतं काय मले?"

मामा हसला. फार नाही. मग म्हणाला, "काय वं, मडक्यासाठी धरला होता का मायासाठी?" आणि मामी म्हणाली, "मडकं नवं होतं." मी भिंतीकडे तोंड करून पट्टी गुंडाळत राहिलो.

मी विचारलं, "मामा, आता हीच गावाला दाखवू? याच चालीने?"

"नाई. ज्याईले हासाचं होतं ते हासले. त्याईच्यापुढं आता पुन्हा कायले जाऊ?" थोड्या वेळाने म्हणाला, "हे पट्टी कोनाची?"

"माझी."

"चालतो मी, अन पट्टी तुयी कशी काय?"

मी डबा त्याच्या हातात दिला. मशीनशिवाय त्याचा त्याला काही उपयोग नाही, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. त्याने तो मामीकडे दिला आणि तिने लुगड्यांच्या घडीखाली ठेवला.

निघताना त्याने विचारलं, "देवमन नाई आला?"

मी म्हटलं, "गाडी दौऱ्यावर आहे."

"लाजते काय?"

मी बॅटरी उचलली.

"लाजू दे थोडा," मामा म्हणाला.

मी तुला जा म्हणत नाही. माझं जाऊनही सगळं निस्तरलं असं झालेलं नाही. वस्तीबाहेर पडताना दोन पोट्टे एका पायावर उडत आडवे गेले. सुंदरालाही मी अजून काय लिहावं ते ठरवू शकलो नाही.

तुझा,
शेषराव


अकोला,
२१ मे १९६१

दादा,
जयभीम.

गावाले जाऊन आलो.

नांदगावपासून पायी गेलो. वस्ती दिसली तवा वाटलं परत फिरावं. मामी अंगणात शेण सारवत होती. तिनं पायलं अन सारवतच राहिली. मी बाजूले उभा. मंग म्हने, "ओल्यात पाय नको देऊ." एवढंच.

मामा बाहेर आला. मी रस्त्यानं काय काय बोलाचं ते जमवत गेलो होतो. त्याचे पाय धराले वाकलो तं तो मांगं सरकला. म्हने, "घरात पानी नाई. ते मडकं घे, चाल." एक मडकं मायाकडं, एक त्यानं स्वतः घेतलं. मामीनं सारवाचं सोडून त्याच्याकडं पायलं. मले तवा समजलं का तो किती दिवसानं विहिरीकडं निघाला असन.

विहिरीवर बाया होत्या. त्या बाजूले झाल्या. मामानं दोर सोडला, दोन्ही मडके भरले. मी म्हटलं, मामा, दोन्ही मी घेतो. त्यानं आयकलंच नाई. खांद्यावर घेतलं अन निघाला.

मी त्याच्या मांगं चाललो. सुरुवातीले दोनदा मी त्याच्या पुढं गेलो अन थांबलो. मंग त्याच्याच चालीनं चालाले लागलो. दादा, विहिरीपासून घरापरेंत एवढा वेळ लागते हे मले माईत नव्हतं. मान दुखाले लागते. ऊन लागते. दारादारातले लोक पायतात, अन तुमाले त्याईच्यापुढून लवकर जाता येत नाई.

अर्ध्या रस्त्यात मांगून पोट्ट्याईचा आवाज आला. वळून पायलं. पाच-सहा होते, आपलेबी अन वरच्या आळीतलेबी, एका पायावर उड्या मारत, खांद्यावर हात धरून, मडकं असल्यावानी. अगदी पडद्यावर होतं तसंच. मी त्याईले हाकलाले हात उचलला, अन तो तसाच राहिला. हे त्याईले कोनं शिकवलं?

मामानं मांगं पायलं नाई. चालता चालताच म्हने, "त्याईले राहू दे. पानी सांडून राहिलं तुयं."

देवमन